साताऱ्या-सांगलीत राहून एमबीए: सीईटीच्या फॉर्मपासून पदवीच्या कागदापर्यंत

दरवर्षी जून-जुलैत सेतू केंद्रापुढं रांग लागते. त्यात एमबीएच्या प्रवेशासाठी धावपळ करणारी पोरं-पोरी हमखास असतात. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, पर्सेंटाइल चांगला असतो, कॉलेजही मनात ठरलेलं असतं, पण नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र ३१ मार्चलाच संपलेलं असतं, किंवा जात वैधतेचा अर्ज अजून समितीपुढं पडून असतो. मग ज्या फीची निम्मी किंवा सगळी रक्कम शासनानं भरली असती, ती घरच्यांना भरावी लागते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एमबीएचा अभ्यास आपल्याकडच्या बहुतेक पदवीधरांना झेपतो. माणसं अडतात ती कागदांवर, आणि दोन वर्षांतली सगळ्यात कामाची गोष्ट वाया घालवतात ती प्रोजेक्टमध्ये. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय. बाकीचं थोडक्यात.

आधी ठरवा: कुठलं एमबीए

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठ १९६२ चं आहे, आणि आपल्या भागातली बरीचशी एमबीए कॉलेजं त्याच्याशीच संलग्न आहेत. साताऱ्यात वर्ये इथं रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज अँड रिसर्च आहे. वाळवा तालुक्यात साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे. ते मुळात इंजिनिअरिंगचं स्वायत्त कॉलेज, पण तिथं एमबीएही चालतं. सांगली शहरात भारती विद्यापीठाचं व्यवस्थापन आणि ग्रामीण विकास प्रशासनाचं इन्स्टिट्यूट आहे. रोज कोल्हापूरला जा-ये करायची तयारी असेल तर सायबर हे कॉलेज आणि खुद्द विद्यापीठाचा वाणिज्य व व्यवस्थापन विभाग हेही पर्याय आहेत. सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, हे जमतं. साताऱ्याहून सव्वाशेच्या घरात आहे. ते रोज करू नका. पहिला महिना उत्साहात जातो आणि दुसऱ्या महिन्यात हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली येते.

कॉलेजचं नाव बघण्याआधी ते कुठल्या प्रकारात मोडतं ते बघा, कारण पैशाचं गणित तिथंच बदलतं. विद्यापीठाशी संलग्न किंवा स्वायत्त कॉलेजात राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश मिळतो आणि शासनाच्या फी-सवलती लागू होतात. भारती विद्यापीठ हे अभिमत विद्यापीठ आहे. तिथली प्रवेशपरीक्षा त्यांची स्वतःची असते आणि प्रवेश कॅपबाहेर होतो. शिक्षण चांगलं की वाईट, हा इथं मुद्दाच नाही. फक्त फी-सवलतीच्या भरवशावर घरात हिशेब मांडला असेल, तर अभिमत विद्यापीठ आणि कॉलेजचा व्यवस्थापन कोटा या दोन्ही ठिकाणी तो हिशेब चुकतो, एवढं लक्षात असू द्या. तिसरा प्रकार दूरशिक्षणाचा: नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. त्याबद्दल पुढं येईलच.

कॉलेज बघायला गेलात की तीन गोष्टी मागा. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, चालू वर्षाची मान्यता, शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी, आणि मागच्या दोन वर्षांत नोकरी लागलेल्यांची यादी. मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते, ती घरीच बघून जा. यादीत पॅकेजपेक्षा हुद्दा वाचा. ‘रिलेशनशिप ऑफिसर’, ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’, ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ या तीन शब्दांत कामाचा केवढा फरक आहे, ते तिथं काम करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला फोन करून विचारा. फ्लेक्सवरचा ‘हायेस्ट पॅकेज’चा आकडा एका पोराचा असतो. बाकीच्या वर्गाचं काय झालं, ते फ्लेक्सवर नसतं.

कागद: काही जानेवारीत, काही एप्रिलमध्ये

सगळे कागद एकाच वेळी काढायचे नसतात, आणि गोंधळ इथंच होतो.

ज्यांना मुदत नसते किंवा ज्यांना वेळ लागतो, ते जानेवारीत हातात घ्या: अधिवास व राष्ट्रीयत्व, जातीचा दाखला आणि जात वैधता. अधिवासाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो, जातीचा प्रांतांकडून. अर्ज दोन्हींचा सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर होतो. वैधता मात्र जिल्हा जात पडताळणी समिती देते. सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद हाच. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जमवावं लागतं. चुलतभावाची वैधता झालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम हलकं होतं. नवीन कुणबी किंवा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) दाखले काढलेल्यांनी तर दाखला हातात पडला त्याच आठवड्यात वैधतेचा अर्ज टाकावा. वैधतेच्या अर्जाची नुसती पावती काही वर्षी चालवून घेतात, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत आलं नाही तर तुम्हाला खुल्या प्रवर्गात टाकतात. त्या भरवशावर राहू नका.

आर्थिक वर्षावर चालणारे कागद एप्रिल उजाडल्यावर: उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), आणि मुदत संपत आलेलं नॉन-क्रीमीलेअर. प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष जिथं संपतं, त्या ३१ मार्चपर्यंत नॉन-क्रीमीलेअर वैध लागतं. म्हणजे फेब्रुवारीत घाईनं काढलेला आणि त्याच मार्चमध्ये संपणारा दाखला काही कामाचा नाही. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सेतूत गर्दी कमी असते. दहावी-बारावीचे निकाल लागले की पाय ठेवायला जागा राहत नाही.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पदवीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळं, असं आपल्याकडं घरोघरी आहे. लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. सीईटीचा फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसाच भरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. आडनाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये ठेवा. पदवीनंतर मध्ये एखाद-दोन वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. तेही आधी करून ठेवलेलं बरं.

सीईटी

पात्रता सरळ आहे: कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी, ५० टक्के गुण, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. शेवटच्या वर्षाला असाल तरी परीक्षा देता येते. नोंदणी साधारण हिवाळ्यात सुरू होते आणि परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असते. तारखा राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखा बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या असतात.

दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, संगणकावर. लॉजिकल रिझनिंग ७५, गणित ५०, इंग्रजी ५०, आकृत्यांचं ॲबस्ट्रॅक्ट रिझनिंग २५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद येतात, आणि खरी परीक्षा वेळेचीच असते. कला शाखेच्या मुलांना गणिताची धास्ती वाटते, पण ७५ गुणांचं लॉजिकल रिझनिंग सगळ्यांना सारखंच नवीन असतं. बसण्याची मांडणी, नातेसंबंध, दिशा, सिलॉजिझम हे रोज अर्धा तास घड्याळ लावून सोडवलं तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो. स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्यांना इथं आयतंच सापडतं. इंग्रजीसाठी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा रोज एक अग्रलेख वाचणं जास्त कामाला येतं. क्लास लावायचा की नाही? शिस्त नसेल तर लावा. ज्याला शिस्त आहे त्याला मागचे पेपर आणि चार-पाच पूर्ण सराव चाचण्या पुरतात.

कॅपचा पसंतीक्रम

सीईटी झाली म्हणजे अर्ज झाला, असं समजून पोरं निवांत बसतात. कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. कागद अपलोड करा, त्यांची छाननी करून घ्या, तात्पुरत्या गुणवत्ता यादीत आपला प्रवर्ग आणि टक्के बरोबर आलेत का बघा, चूक असेल तर हरकतीच्या मुदतीतच दुरुस्त करा, आणि मग पसंतीक्रम भरा. तात्पुरती यादी बघायची राहून गेली आणि चुकीचा प्रवर्ग अंतिम यादीत तसाच गेला, तर नंतर कुणीही काही करू शकत नाही.

पसंतीक्रमाचा नियम एकच: ज्या क्रमानं कॉलेज खरोखर हवंय, त्याच क्रमानं लिहा. ‘मिळणार नाही’ म्हणून चांगलं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिल्यानं काही नुकसान होत नाही. उलटं मात्र होतं. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. म्हणून पहिला पर्याय नुसता भरायचा म्हणून भरू नका. पहिल्या फेरीत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं मिळालं तर जागा स्वीकारून पुढच्या फेरीत सुधारणेसाठी थांबता येतं. पण स्वीकृती शुल्क भरायला विसरलात तर हातातली जागाही जाते. फेरीच्या शेवटच्या संध्याकाळी पोर्टल मंदावतं आणि गावाकडं लाइट जाते, हे दोन्ही गृहीत धरून एक दिवस आधी भरा.

पैसे

कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी २०२४ मध्ये मोठा बदल झाला. त्या वर्षीच्या ८ जुलैच्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळू लागली. घरात मुलीला ‘कशाला आणखी शिकवायचं’ असा सूर असेल, तर हा शासन निर्णय छापून वडिलांच्या हातात द्या. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यापुढं फ्रीशिपची, म्हणजे फीमाफीची, वेगळी योजना आहे. बाहेर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

हे सगळे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर होतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर पैसे मंजूर होतात आणि खात्यावर येत नाहीत. कॉलेजात स्कॉलरशिपचं काम बघणारे क्लार्क कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. दोन वर्षांत प्राचार्यांपेक्षा त्यांच्याशी जास्त गाठ पडणार आहे.

कर्ज काढायचं तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा आणि त्याची प्रत घेऊन शाखेत जा. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत मालमत्तेचं तारण लागत नाही, त्यापुढं लागतं. आपल्या भागातल्या कॉलेजांच्या फीसाठी जमीन गहाण टाकायची वेळ सहसा येत नाही. हप्ता अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. शिकता शिकता नुसतं व्याज भरता आलं तर भरा. पुढं नोकरी लागल्यावर जुन्या करप्रणालीत या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

पहिलं वर्ष

दोन वर्षं, चार सत्रं. पहिल्या वर्षात सगळ्यांना सारखंच: अकाउंटिंग, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संघटनात्मक वर्तन, मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स, संशोधन पद्धती. बी.कॉम.वाला अकाउंटिंगला गाफील राहतो आणि बी.ई.वाला संघटनात्मक वर्तनाला हसतो. बॅकलॉग दोघांचेही तिथंच राहतात. प्रवेशानंतर लगेच पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), पात्रता फॉर्म आणि एबीसी आयडी (श्रेयांक खात्याचा क्रमांक) यांची कामं उरका. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणून द्या. ते राहिलं म्हणून निकाल अडकल्याची उदाहरणं दर वर्षी दिसतात.

इंग्रजीचं काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. बारावीपर्यंत मराठी माध्यम, बी.ए.ची उत्तरं मराठीत, आणि इथं अचानक प्रेझेंटेशन. यावर मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कंपनीचा वार्षिक अहवाल. किर्लोस्करवाडीचं नाव इथं सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये पलूसजवळ वसवलेल्या या गावात आजही पंप बनतात. किर्लोस्कर ब्रदर्स शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळं तिचे अहवाल फुकट वाचायला मिळतात. आठवड्याला वीस पानं घ्या. आधी अध्यक्षांचं पत्र, मग व्यवस्थापनाचं विश्लेषण, मग रोख प्रवाह पत्रक, शेवटी टिपा. जो कारखाना रेल्वेच्या खिडकीतून बघितलाय, त्याच्याबद्दलची इंग्रजी वाक्यं डोक्यात लवकर बसतात. फायनान्सचे शब्द आणि इंग्रजी असे दोन्ही विषय एका वाचनात होतात. सोबत एक्सेल शिका. पिव्हट टेबल आणि लुकअप येणारा पोरगा कुठल्याही ऑफिसात पहिल्या दिवशी उपयोगी पडतो.

स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षाला निवडायचं असतं. मित्र कुठलं घेतोय हे निकषात धरू नका. ज्या विषयात तुम्हाला आकडे बघायला कंटाळा येत नाही तो फायनान्स, ज्यात अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटत नाही तो मार्केटिंग. एवढी ढोबळ कसोटी पुरते.

प्रोजेक्ट: इथं जीव ओता

दुसऱ्या सत्रानंतर उन्हाळ्यात साधारण सहा ते आठ आठवड्यांचं प्रशिक्षण आणि त्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट असतो. बाजारात तयार रिपोर्ट विकत मिळतात, टायपिंग सेंटरवाला कंपनीचं नाव बदलून स्पायरल बाइंडिंगसह देतो. ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’ हा विषय घेतलेले रिपोर्ट एकावर एक रचले तर कॉलेजच्या गच्चीपर्यंत पोचतील. नोकरीच्या मुलाखतीत मात्र तुमच्या चार सत्रांतल्या गुणांवर कुणी दहा मिनिटं बोलत नाही, प्रोजेक्टवर बोलतात. मोठ्या शहरातल्या पोरांपुढं आपली बाजू जड करणारी गोष्ट कुठली असेल तर आपल्या तालुक्यातला एखादा धंदा आतून माहीत असणं.

आणि धंदे कमी आहेत का? सांगलीची हळद आणि बेदाणा, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तासगावच्या बेदाण्याची शीतगृहं, कुपवाडच्या एमआयडीसीतले लहान कारखाने, मिरजेची हॉस्पिटलं, भिलवडीची दुग्धप्रक्रिया, विट्याचे यंत्रमाग, खानापूर-आटपाडीतून देशभर गेलेले गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचे, व्यावसायिक. साताऱ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि तिची प्रक्रिया, कासच्या पठारावरच्या पर्यटकांचं नियोजन, लोणंदचा कांदा बाजार, शिरवळ-फलटणचे मोठे कारखाने, कंदी पेढ्याची टिकवण आणि पॅकिंग. साखर कारखाना घेतलात तर फायनान्सवाल्याला खजिनाच आहे. कायद्यानं उसाची एफआरपी, म्हणजे ठरवून दिलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची, साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकायची, आणि तोडणी मुकादमांना उचल हंगामाआधीच मोजायची. खेळत्या भांडवलाचा यापेक्षा जिवंत धडा पुस्तकात सापडत नाही.

विषय प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर ऐकून कुणीतरी उद्या वेगळं वागेल. ‘सांगलीतील हळद विपणनाचा अभ्यास’ हा विषय झाला नाही. ‘मार्चमध्ये हळद विकावी की सहा महिने थांबावं, हे लहान शेतकऱ्यानं कसं ठरवावं?’ हा झाला. हाच प्रश्न घेऊन सगळा प्रोजेक्ट कसा उभा राहतो ते बघू.

थांबण्याची सवय सांगलीला जुनी आहे. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवून ठेवायची रीत होती. २००५ च्या महापुरानं त्या पेवांचं फार नुकसान केलं. आता माल गोदामात जातो. रिपोर्टच्या पहिल्या प्रकरणात हा इतिहास दोन पानांत येऊ द्या, वीस पानांत नको.

मग आकडे. समजा दहा क्विंटल हळद आहे आणि आजचा भाव क्विंटलला १४,००० धरला. मालाची किंमत १,४०,०००. आज विकून पैसे घेतले असते तर जे कर्ज फिटलं असतं, त्याचा दर वर्षाला १२ टक्के. सहा महिन्यांचे ८,४००. गोदाम भाडं १,२०० आणि हमाली ६०० धरू. वाळून घट ३ टक्के. इथं बहुतेक जण घटीचे ४,२०० खर्चात मिळवतात आणि क्विंटलला १५,४४० आले की सुटलो म्हणतात. पण घट वजनातून वजा करायची असते. सहा महिन्यांनी विकायला दहा नाही, ९.७ क्विंटलच असणार. १,५०,२०० भागिले ९.७, म्हणजे सुमारे १५,४८५. भाव त्याच्या वर गेला तरच थांबण्यात अर्थ.

आता यात पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना घाला. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवसांसाठी ६ टक्क्यांनी. १,०५,००० वर व्याज ३,१५०, उरलेल्या ३५,००० वर १२ टक्क्यांनी २,१००. एकूण ५,२५०. समतोल भाव १५,१६० वर येतो, क्विंटलमागं सव्वातीनशेचा फरक. हे भाव आणि भाडं उदाहरणापुरते धरलेत, तुमच्या रिपोर्टमध्ये खरे आकडे हवेत. बाजार समितीकडून मागच्या पाच-सात हंगामांचे महिनावार भाव घ्या आणि तपासा: मार्चचा भाव सप्टेंबरपर्यंत या रेषेच्या वर किती वेळा गेला? हे एक कोष्टक म्हणजे तुमचा प्रोजेक्ट. पुढं शेतकऱ्यांना विचारायचं ते एवढंच, की तारण योजना माहीत असून घेत का नाहीत.

विचारायचं कसं, हे वेगळं शिकावं लागतं. अडत्याला किंवा शेतकऱ्याला गूगल फॉर्म पाठवू नका. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी कुणाला बोलायला सवड नसते. खरेदीदार ढिगातलं हळकुंड उचलून मोडून आतला रंग बघत असतात, सगळ्यांचं लक्ष भावाकडं. दुपारी माणसं निवांत होतात, तेव्हा जा. “काका, हळद थांबवली तर परवडतं का?” असं विचारलंत तर उत्तर येणार, “ते नशिबावर गं पोरी.” त्याऐवजी “गेल्या साली कुठल्या महिन्यात किती पोती काढली, आणि मागं किती ठेवली?” असं विचारा. मग वही निघते. शेतकऱ्याकडं विक्रीच्या जुन्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असतात; त्यावर तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं असतं. परवानगी घेऊन फोटो काढा आणि रिपोर्टमध्ये नाव झाका. अशा चाळीस पट्ट्या दोनशे टिकमार्कच्या प्रश्नावल्यांना भारी पडतात.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात, “सॅम्पल चाळीसच का?” ‘सरांनी सांगितलं’ असं उत्तर देऊ नका. किती गावांत गेलात, ती गावं का निवडली, कोण बोलायला तयार झालं नाही आणि त्यामुळं निष्कर्षाला कुठली मर्यादा आली, हे सरळ सांगा. मर्यादा सांगणाऱ्या विद्यार्थ्यानं काम स्वतः केलंय हे परीक्षकाला लगेच कळतं. गाईडला दर आठवड्याला दोन पानं दाखवा, शेवटच्या रविवारी दोनशे नकोत. कंपनीत प्रशिक्षण असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या की कुठले आकडे छापायला चालतील. प्रमाणपत्रावर सही-शिक्का शेवटच्या दिवशीच घ्या, नंतर साहेब बदलतात.

नोकरी सांभाळून करायचं असेल तर

एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला नियमित एमबीए जमत नाही. हजेरीची तोंडी सोय करून देणाऱ्या कॉलेजच्या नादी लागू नका. मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू घ्या. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी यूजीसीनं नियमित पदवीशी समकक्ष मानली आहे. प्रवेशाआधी त्या विद्यापीठाला त्याच वर्षी, त्याच अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा आणि या विभागाचा डीईबी आयडी स्वतःसाठी काढा. ‘सहा महिन्यांत एमबीए’ म्हणणारा भेटला तर चहा पिऊन निघा. दूरशिक्षणात माणसं अभ्यासानं नाही, स्वाध्याय वेळेवर न दिल्यानं मागं पडतात. ज्या कंपनीत आहात तिथलाच प्रश्न प्रोजेक्टला घ्या. वरच्या साहेबांपर्यंत पोचायचा तो एक सभ्य मार्ग आहे.

शेवटचं सत्र आणि पदवीचा कागद

चौथ्या सत्रात कॅम्पसच्या मुलाखती, प्रोजेक्ट आणि जुने बॅकलॉग एकदम अंगावर येतात. बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, विलंब शुल्काची तारीखही पाळावी लागते. निकालावर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, ती विषय शिक्षकाला दाखवा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. मुदत थोडी असते, निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचा.

सगळी सत्रं सुटली की पदवी आपोआप घरी येत नाही. दीक्षान्त समारंभासाठी अर्ज करून शुल्क भरावं लागतं. तोपर्यंत तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घेऊन ठेवा, नोकरीवर रुजू होताना तेच मागतात. परदेशी जायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज त्याच खेपेला द्या. कोल्हापूरला जाताना सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका मूळ आणि झेरॉक्स, पीआरएन, आधार आणि दोन फोटो बरोबर न्या, आणि सकाळची गाडी पकडा. जेवणाच्या सुट्टीआधी खिडकी गाठली तर काम त्याच दिवशी होण्याची शक्यता जास्त.